कपाटाचं कुलूप

पुतळ्याच्या हातात पुस्तक आहे. प्रत्येक गावात, प्रत्येक चौकात आहे. आपण त्या पुतळ्याला हार घालतो, निळ उधळतो, रात्रभर मिरवणूक काढतो. पण त्याच पुतळ्याच्या सावलीत खेळणाऱ्या सहा वर्षांच्या पोरीच्या हातात कुठलं पुस्तक आहे, हे आपल्यापैकी किती जणांनी वाकून बघितलंय? बघा एकदा. बहुतेक वेळा काही नसतं. असलंच तर कोपरे दुमडलेलं शाळेचं पुस्तक, नाहीतर बापाचा मोबाईल.

दोस्तांनो, हा लेख त्या पोरीबद्दल आहे. वाचनसंस्कृती ऱ्हास पावली म्हणून गळा काढणाऱ्यांबद्दल नाही. ज्यांच्या घरात चार पिढ्या पुस्तकांची कपाटं आहेत त्यांनी त्या ऱ्हासाचं सुतक खुशाल पाळावं. आमच्याकडं ऱ्हास व्हायला आधी काही होतं कुठं? आमचा सवाल वेगळा आहे. आमच्या पोरांना गोष्टीचं पुस्तक मिळतं का, आणि ते मांडीवर घेऊन वाचून दाखवणारं माणूस मिळतं का?

कबनूरचंच बघू. इचलकरंजीच्या अंगाला चिकटलेलं गाव. शहर कुठं संपलं आणि गाव कुठं सुरू झालं ते पाटी वाचल्याशिवाय कळत नाही, मागांचा खडखडाट दोन्हीकडं सारखाच. बाप रात्रपाळीला मागावर. आई कांडी मशीनवर. आजीला अक्षरओळख नाही. घरात छापील कागद कुठला, तर रेशनकार्ड, लाईटबिल आणि भिंतीवरचं कॅलेंडर. ह्या घरातलं पोरगं सहाव्या वर्षी शाळेत जातं. त्याच दिवशी सायझिंगवाल्याच्या बंगल्यातलं पोरगंही शाळेत जातं. दोघंही पहिलीतच म्हणायची. पण त्या दुसऱ्या पोरानं तोवर शेकडो गोष्टी ऐकलेल्या असतात. पुस्तक कुठून उघडायचं, ओळ कुठून कुठं सरकते, ह्या काळ्या रेघोट्या म्हणजे कुणाचं तरी बोलणं आहे, हे त्याला आईच्या मांडीवरच कळलेलं असतं. आमच्या पोराची आणि पुस्तकाची पहिली गाठ पडते ती वर्गात. आणि तिथं पुस्तक त्याला पहिल्याच दिवशी विचारतं, सांग, हे काय लिहिलंय? येत नाही? मग बस खाली.

अशी गाठ पडलेल्या माणसावर कोण प्रेम करील?

पुढं काय होतं ते आकड्यातच बघा. 'असर'च्या २०२४ च्या पाहणीत ग्रामीण भारतातल्या सरकारी शाळांतली तिसरीची पोरं तपासली. दुसरीच्या पातळीचा साधा उतारा वाचू शकली ती २३.४ टक्के. म्हणजे चारातलं एकही पुरतं नाही. पाचवीत गेल्यावरसुद्धा निम्म्याहून जास्त पोरांना तो दुसरीचा उतारा वाचता आला नाही. ह्या पोरांत कुणाची पोरं जास्त असणार, हे सांगायला पाहणीची गरज नाही. आणि २०२३ साली महाराष्ट्र सरकारनं नियम बदलला. पाचवीला आणि आठवीला वार्षिक परीक्षा. नापास झालास तर पुन्हा परीक्षा, त्यातही नापास तर त्याच वर्गात. तिसरीपर्यंत वाचायला शिकवायचं नाही आणि पाचवीत वाचता येत नाही म्हणून बसवून ठेवायचं! मागच्या वर्गात बसलेलं पोरगं शाळेत किती दिवस टिकतं ते कबनूरच्या कुठल्याही गल्लीत विचारा. त्याच्यासाठी कांडी मशीन वाट बघत असतंच. चौदा वर्षं पूर्ण व्हायचाही धीर कुणाला नसतो.

म्हणून म्हणतो, पोराला वाचायला लागणं आणि वाचनाची गोडी लागणं, हा काही बालदिनाच्या भाषणाचा विषय नाही. पोरगं मागावर जाणार की पुढं शिकणार, ह्याचा निकाल सात-आठ वर्षांच्या वयातच लागतोय. आपण मात्र आंदोलनाला सुरुवात करतो ती स्कॉलरशिपपासून. स्कॉलरशिपपर्यंत पोचायच्या आधीच गळालेल्या पोरांचं काय?

ह्या मातीत ही मागणी नवी नाही. १८८२ साली हंटर कमिशनपुढं जोतीराव फुल्यांनी किमान बारा वर्षांपर्यंत सक्तीचं प्राथमिक शिक्षण मागितलं. इंग्रज सरकारनं ऐकलं नाही. १९१७ साली शाहू महाराजांनी कोल्हापूर संस्थानात ते मोफत आणि सक्तीचं केलं, पोराला शाळेत न धाडणाऱ्या आईबापाला महिन्याला एक रुपया दंड ठेवला. १९१९ साली अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा मोडल्या, एकाच वर्गात बसवायचा हुकूम काढला. पुढच्याच वर्षी, मार्च १९२० मध्ये, ह्याच आपल्या हातकणंगले तालुक्यात माणगावला परिषद झाली आणि बाबासाहेब तिचे अध्यक्ष होते. आणि एक गोष्ट फार कमी जणांना ठाऊक असते. देशातला पहिला ग्रंथालय कायदा झाला तो १९४५ साली, आणि तो कोल्हापूर संस्थानात झाला. मद्रासचा कायदा त्यानंतर तीन वर्षांनी आला. म्हणजे शाळा आणि ग्रंथालय, दोन्हीचा कायदा आमच्या अंगणात झालेला आहे. कायद्याच्या बाबतीत आम्ही श्रीमंत आहोत.

आजचा कायदाही तेच सांगतो. २००९ चा शिक्षणहक्क कायदा काढा, शेवटची अनुसूची वाचा. प्रत्येक शाळेत ग्रंथालय पाहिजे, त्यात वर्तमानपत्रं, मासिकं आणि गोष्टींची पुस्तकंसुद्धा पाहिजेत, असं तिथं छापलेलं आहे. गोष्टींची पुस्तकं! कायद्यानं मान्य केलंय, आमच्या लोकांना अजून मान्य व्हायचंय.

पण जाऊन बघा. कितीतरी शाळांत पुस्तकं असतात आणि नसतातही. एक लोखंडी कपाट असतं. त्याला कुलूप असतं. किल्ली हेडमास्तरांकडं. आत पुस्तकं कोरी करकरीत, पानं एकमेकांना चिकटलेली. का हो गुरुजी? "पोरं फाडतात. साहेब तपासणीला आले की हिशेब कोण देणार?" पुस्तक जपायचंय, पोरगं वाया गेलं तरी चालेल. ह्या कुलपाकडं बघितलं की मला चवदार तळं आठवतं. पाणी भरलेलं आहे, सगळ्यांचं आहे म्हणून कागदावर ठरावही आहे, फक्त हात लावायचा नाही. गुरुजी माणूस वाईट असतो असं नाही. त्याच्यावर दाखल्यांचा, माहित्यांचा, ॲपचा असा मारा असतो की कपाट उघडणं हे त्याला एक जादा लचांड वाटतं. पण कारण काहीही असो, कुलूप कुलूपच.

आता आपल्यातले काहीजण म्हणतील, आधी भाकरीचं बघा, पुस्तकाचं मग. ऐकायला हे फार लढाऊ वाटतं. रामजी सुभेदारांनी असं म्हटलं असतं तर? पेन्शनीत घर चालत नव्हतं, तरी पोराला हवं असलेलं पुस्तक आणायला ते लेकीकडं जायचे, तिच्याकडं पैसे नसले तर दागिना मागून घ्यायचे आणि गहाण ठेवायचे. बाबासाहेबांनी हे स्वतः सांगितलेलं आहे. ती पुस्तकं सगळी क्रमिक नव्हती. बाप ओरडायचा, शाळेचं वाच म्हणायचा, आणि तरी जाऊन आणायचा. पुढं मुंबईत हे पोरगं शाळा सुटल्यावर चर्नी रोडच्या बागेत वाचत बसलेलं असायचं. तिथं केळुस्कर गुरुजींनी त्याला हेरलं, जवळ बसवलं, पुस्तकं दिली. मॅट्रिक झाल्यावर स्वतः लिहिलेलं बुद्धचरित्र हातात ठेवलं. त्या एका पुस्तकाचं पुढं काय झालं ते १९५६ साली नागपुरात जगानं बघितलं.

ह्यातनं घ्यायचं काय? बुद्धी तर होतीच. पण पुस्तक आणून देणारा एक बाप होता, आणि शेजारी बसणारा एक केळुस्कर होता. वाचणं ही एकट्यानं शिकायची गोष्ट नाही. आणि लगेच कुणीतरी अण्णाभाऊंचं नाव काढेल. दीड दिवसाची शाळा, तरी 'फकिरा' लिहिला! खरं आहे. पण अण्णाभाऊंचं नाव घेऊन पोरांना वाऱ्यावर सोडायचा धंदा बंद करा. एक अण्णाभाऊ वर आले. वारणेच्या खोऱ्यात, मुंबईच्या गिरणीत, इचलकरंजीच्या मागाखाली किती अण्णाभाऊ अक्षराविना मेले, त्याचा हिशेब कोण देणार?

दुसरा विरोध आपल्यातल्याच शिकल्या-सवरल्यांचा. फ्लॅटमध्ये गेलेले आपले साहेब लोक. ह्यांना पुस्तक चालतं, पण ते गाईड पाहिजे, सामान्यज्ञानाचं पाहिजे, स्पर्धा परीक्षेचं पाहिजे. पोरगं माकडाची गोष्ट वाचून खिदळायला लागलं की ह्यांना टाईमपास वाटतो. "आमच्या पोरांना असली चैन परवडत नाही." च्यायला, आनंद तेवढा वरच्यांनी वाटून घ्यायचा आणि आम्ही पाठांतर करायचं, हे कुठल्या घटनेत लिहिलंय? आणि हिशेबानंही हे चूक आहे. पोराला सलग, न अडखळता वाचता यायला भरपूर वाचावं लागतं. सायकल जशी चालवूनच येते तसंच हे. धड्याची तीच आठ पानं वर्षभर घोकून ते होत नाही. शंभर छोटी पुस्तकं हाताखालनं जावी लागतात. आणि मजा आल्याशिवाय कुठलं पोरगं शंभर पुस्तकं वाचील? पुढची एमपीएससी पाहिजे असेल तरी आजचं माकड हसू द्या.

आता शिकवायचं कसं ते बघू, कारण इथंच आमच्या पोरांची माती होते. महिनोन्‌महिने क का कि की, ख खा खि खी. पोरं सुरात ओरडतात, वर्ग दणाणतो, साहेब खूश. पण त्यातलं एक पोरगं उठवा आणि पान बदलून मधलंच अक्षर दाखवा. गप्प. कारण ते गाणं पाठ झालेलं असतं, अक्षर ओळखीचं झालेलं नसतं. बाराखडी वाईट नाही, पण अर्थाशिवाय घोकली तर ती नुसती कवायत होते.

उलटं करून बघा. म, ग, क, र, न अशी पाच अक्षरं घ्या आणि एक काना. बास. माग. काम. राग. मान. नाक, कान, मका, काका, मामा. कबनूरच्या पोराला ह्यातला एकही शब्द समजावून सांगावा लागत नाही. ते शब्द त्याच्या घरात रोज वापरात आहेत. पहिल्या पंधरवड्यात पोरगं फळ्यावरचं 'माग' वाचतं आणि खिडकीतनं येणारा खडखडाट आणि ते अक्षर ह्यांची त्याच्या डोक्यात गाठ बसते. आणि बघा तरी, ह्या पाच अक्षरांत आमच्या आयुष्याचं किती मावतंय.

हे मी पदरचं सांगत नाही. न्यूझीलंडमध्ये सिल्व्हिया ॲश्टन-वॉर्नर ही मास्तरीण माओरी पोरांना शिकवत होती. गोऱ्यांच्या घरातली क्रमिक पुस्तकं त्या पोरांच्या गळी उतरत नव्हती. तिनं काय केलं, रोज सकाळी एकेका पोराला विचारलं, आज तुला कुठला शब्द पाहिजे? पोरगं सांगेल तो शब्द, भूत म्हणेल तर भूत, जाड कागदावर लिहून त्याच्याच हातात दिला. पोरं ते शब्द विसरेनात. तिचं 'टीचर' हे पुस्तक १९६३ सालचं. त्याच वर्षी ब्राझीलमध्ये आंजिकोस गावी पाउलो फ्रेरेनं तीनशेच्या आसपास मजुरांना त्यांच्याच कामातले, त्यांच्याच घरातले शब्द घेऊन थोड्या आठवड्यांत वाचायला शिकवलं. पुढच्या वर्षी तिथं लष्करानं सत्ता घेतली आणि फ्रेरेला तुरुंगात टाकलं, मग देशाबाहेर घालवलं. मजूर वाचायला लागला की कुणाच्या पोटात गोळा येतो, ते ह्यावरनं ओळखा.

आणि लांब कशाला जायचं? जवळच्या सातारा जिल्ह्यात फलटणला मॅक्सिन बर्नसन ह्या बाई येऊन राहिल्या. जन्म अमेरिकेतला, पुढं भारताचं नागरिकत्व घेतलं. फलटणमध्ये कोण कसं बोलतं, ह्यावर त्यांनी १९७३ साली प्रबंध लिहिला. बोलीचा सगळा अभ्यास करून बाई ग्रंथालयात बसल्या नाहीत. शाळेत न टिकलेल्या दलित वस्तीतल्या पोरांना वाचायला शिकवायला बसल्या. त्यातनं प्रगत शिक्षण संस्था उभी राहिली, १९८६ साली कमला निंबकर बालभवन ही शाळा निघाली. थोडी अक्षरं, त्यातनं लगेच अर्थाचे शब्द, लगेच वाक्य, आणि पहिल्यापासून भरपूर गोष्टी, ही तिथली रीत. पोराची घरची बोली हा रोग समजायचा नाही, ही त्यातली मोठी गोष्ट.

कारण आमच्या पोराचं तोंड बंद होतं ते इथंच. ते म्हणतं, "बाई, मी काल आलतो न्हवं." बाई म्हणतात, "आलो होतो म्हण. शुद्ध बोल." पोरगं परत तोंड उघडत नाही. जे पोरगं बोलत नाही ते वाचणार काय? पुस्तकी मराठी शिकवू नका असं कोण म्हणतंय? शिकवा, चांगली ठणठणीत शिकवा. पण ती आईच्या बोलीच्या शेजारी बसवा, तिच्या उरावर नको. २०२५ साली पहिलीपासून हिंदी शिकवायच्या शासन निर्णयावरनं सगळा महाराष्ट्र पेटला. २९ जूनला सरकारनं निर्णय मागं घेतले, गुलाल उधळला. चांगलं झालं. पण मराठी वाचली म्हणणाऱ्या एकानं तरी विचारलं का, की तिसरीतल्या पोराला मराठी वाचता येते का? आणि कबनूरच्या गल्लीत तर मराठीच्या जोडीला उर्दू, कन्नड, हिंदी बोलणारी मागवाल्यांची पोरं आहेत. त्यांच्या भाषेची चार पुस्तकं आपल्या फळीवर असली तर आपला धर्म बुडत नाही.

आता शेवटचा आणि अवघड सवाल. वाचून दाखवायचं काय? पुस्तकात आहे कोण?

अमेरिकेत १९६५ साली नॅन्सी लॅरिक ह्या बाईंनी तीन वर्षांत निघालेली मुलांची ५,२०६ पुस्तकं तपासली. त्यातल्या फक्त ६.७ टक्के पुस्तकांत एखादं तरी काळं माणूस होतं. उरलेलं सगळं जग पांढरं. तुम्ही मराठीत हे करून बघा. दुकानात जा, मुलांची वीस पुस्तकं काढा आणि मोजा. बाग असलेलं घर किती, ऑफिसात जाणारे बाबा किती, सुट्टीत कोकणात जाणारी भावंडं किती. मग मोजा, मागवाला बाप किती? झाडूवाली आई किती? विहारात जाणारी आजी किती? भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर असलेलं घर एका तरी चित्रात सापडतं का? पोरगं पुस्तकाच्या आरशात बघतं आणि त्याला दुसऱ्याचंच तोंड दिसतं. मग त्याला वाटतं, पुस्तक हे आपल्या जातीचं काम नाही.

पण इथं दुसऱ्यालाच शिव्या घालून भागणार नाही. आपल्या साहित्याकडं बघा. 'बलुतं' १९७८, 'उपरा' १९८०, 'उचल्या' १९८७. पानापानावर लहानपण आहे, भूक आहे, शाळा आहे, मास्तर आहे. मराठी साहित्याला आम्ही आमचं लहानपण दाखवून हादरवलं. पण ते मोठ्यांनी वाचायचं लहानपण. सहा वर्षांच्या पोरानं वाचावं असं आम्ही किती लिहिलं? बोटावर मोजावं इतकं. आमच्या साहित्यात पोरं आहेत, पोरांसाठी साहित्य नाही. आणि पोरांसाठी लिहायचं म्हणजे सगळं दुःखच लिहायचं असंही नाही. आमच्या गल्लीत काय फक्त अन्यायच होतो? शेळी पळते, उरसात पाळणा येतो, आजी भुताला शिव्या घालते, पावसात छपरावरनं पाणी येतं आणि पोरं भांडी लावून संगीत वाजवतात. हे सगळं लिहायला कोण येणार? आमच्या आयांनी जात्यावर म्हटलेल्या ओव्या हेमा राईरकर आणि गी प्वातवाँ ह्यांनी गावोगाव फिरून जमवल्या, त्या लाखाच्या वर भरल्या. त्यात भीमाच्या ओव्या ढीगभर आहेत. गोष्टीला तोटा नाही. कागदावर आणणारा हात पाहिजे.

सायक्लोस्टाईलवर रात्ररात्र जागून अंक काढणारी चळवळ आहे ही. पदरमोड करून कवितासंग्रह काढणारी. तिला सोळा पानांचं, मोठ्या टायपातलं, चार चित्रांचं पुस्तक काढता येत नाही?

१९७२ साली मुंबईत पँथर उभी राहिली तेव्हा नाव घेतलं ते अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरचं. त्या पँथरचे फोटो आपण बघतो ते बंदूक घेतलेले. त्याच पँथरनी जानेवारी १९६९ पासून ओकलंडमध्ये शाळेला जायच्या आधी पोरांना फुकट न्याहारी वाढली, पोरांसाठी शाळा काढल्या. त्यांच्याकडनं नाव घेतलं, गर्जना घेतली. ही न्याहारीही घेऊ या.

करायचं काय, तर फार नाही. विहार आहे, समाजमंदिर आहे, तेही नसेल तर कट्टा आहे. रोज संध्याकाळी एक तास. चार ते आठ वयाची पोरं, कुठल्याही जातीची, कुठल्याही धर्माची. दोन जण पाळीनं. पुस्तक पोरांकडं तोंड करून धरा, बोट शब्दाखालनं सरकू द्या, आवाज काढून वाचा. मध्येच थांबून विचारा, आता काय होईल रे? तात्पर्य विचारू नका. ह्या गोष्टीतनं आपण काय शिकलो, हा प्रश्न विचारणाऱ्याला बाहेर काढा. तेच पुस्तक वीस वेळा मागितलं तर वीस वेळा वाचा, पोरगं त्यातच शिकत असतं. पुस्तकं घरी न्यायला द्या. फाटतील. चिकटवा, परत द्या. पोरांनी सांगितलेली गोष्ट त्यांच्याच बोलीत लिहून घ्या आणि दुसऱ्या दिवशी त्यांनाच वाचायला द्या. आपण बोललेलं कागदावर येतं आणि परत वाचता येतं, हे ज्या दिवशी पोराला कळेल त्या दिवशी अर्धं काम झालं.

पैसा? बालभारतीचं 'किशोर' १९७१ पासून निघतंय, जुने अंक इंटरनेटवर फुकट वाचायला आहेत. 'प्रथम बुक्स'नं २०१५ साली 'स्टोरीवीव्हर' सुरू केलं, तिथं मराठी गोष्टी चित्रांसकट फुकट आहेत, छापून घ्यायला कुणी अडवत नाही. जयंतीला डीजेची एक भिंत कमी लावा, वस्तीभर पुरतील एवढी पुस्तकं येतात. डीजेनं पोरांचे कान जातात, पुस्तकानं काही जात नाही.

आणि शाळेला सोडायचं नाही. विहारातली फळी म्हणजे सरकारला माफी नव्हे. दहा पालक घेऊन शाळेत जा. आयांना पुढं करा, त्यांनाच विचारू द्या, "गुरुजी, ह्या कपाटाची किल्ली कुठाय?" शाळा व्यवस्थापन समितीत पालकांना कायद्यानं जागा आहे, त्या जागेवर बसा आणि कपाट उघडं ठेवायचा ठराव लिहून घ्या. पुस्तकं नसतील तर कायद्याची अनुसूची पुढं ठेवा. ऐकलं नाही तर पंचायत समितीवर पोरांसकट मोर्चा न्या. घोषणा पोरंच देतील.

'शिका' हा शब्द बाबासाहेबांनी फक्त कॉलेजातल्यांना उद्देशून म्हटलेला नाही. तो सहा वर्षांच्या पोरीलाही लागू आहे. तिला त्याचा अर्थ भाषणातनं कळणार नाही. कुणीतरी शेजारी बसून पहिलं पान उघडावं लागेल.

आज संध्याकाळी कोण बसणार आहे?

जयभीम.